फ्लूची लस दरवर्षी नवी का, आणि सोलापुरात ती कधी घ्यायची

सोलापुरात फ्लूची लस घ्यायची तर एप्रिल-मे हे तिचे महिने. टोचून घेण्याआधी खोक्यावर हंगाम कोणता छापलाय तेही बघायचं. असं का, हे कळायला लस कशी तयार होते ते माहीत हवं.

फ्लूच्या विषाणूच्या अंगावरची दोन प्रथिनं, एच आणि एन, सतत थोडी थोडी बदलत राहतात, आणि गेल्या वर्षीची प्रतिपिंडं नव्या रूपाला नीट ओळखत नाहीत. म्हणून १९५२ पासून जागतिक आरोग्य संघटनेचं एक जाळं वर्षभर रुग्णांच्या घशा-नाकातले नमुने तपासतं. भारतातलं त्याचं केंद्र पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, म्हणजे एनआयव्हीत आहे. नवा विषाणू आधीच्या लसीला किती दाद देतो, हे फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याच्या रक्तद्रवावर तपासतात. मग लसीत कोणते तीन किंवा चार विषाणू घ्यायचे, याचा वर्षातून दोनदा निर्णय होतो : उत्तर गोलार्धाच्या पुढच्या हिवाळ्यासाठी फेब्रुवारीत, दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरात.

निर्णयापासून लस बाजारात येईपर्यंत साधारण सहा महिने जातात. बहुतेक लस अजूनही कोंबडीच्या अंड्यांतच वाढते. रुग्णाकडून आलेला विषाणू अंड्यात फारसा वाढत नाही. म्हणून त्याला १९३४ सालच्या, अंड्यात जोमाने वाढणाऱ्या एका जुन्या विषाणूबरोबर एकाच अंड्यात सोडतात. दोघांचे जनुकांचे आठ-आठ तुकडे आपसात मिसळतात. त्यातून बाहेरचं कवच नव्याचं आणि वाढीची ताकद जुन्याची, असा संकर निवडून काढतात. हा झाला बीजविषाणू. लसीत फ्लूचे अ आणि ब असे दोन प्रकार असतात. त्यातले ब प्रकाराचे विषाणू बहुधा या मिश्रणाशिवायच वाढवतात.

अंडी फलित आणि नऊ ते अकरा दिवसांची लागतात. उजेडासमोर धरून आतला गर्भ जिवंत आहे ना ते बघतात, कवचाला बारीक भोक पाडून गर्भाभोवतीच्या द्रवात विषाणू सोडतात आणि ३३ ते ३५ अंश सेल्सिअसला दोन-तीन दिवस ठेवतात. त्यानंतर अंडी रातभर थंड करतात, आणि ही पायरी टाळून चालत नाही. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे द्रव काढताना रक्त मिसळत नाही. रक्त मिसळलं तर विषाणू तांबड्या पेशींना चिकटून बसतात आणि हाती येणारा माल घटतो. काढलेला द्रव वेगाने फिरवून विषाणू वेगळा करतात, फॉर्मलिन किंवा तत्सम रसायनाने मारतात, फोडतात आणि गाळतात. ढोबळमानाने एका अंड्यातून एका विषाणूचा एक डोस मिळतो, म्हणून अंड्यांची सोय महिनोन्‌महिने आधी करावी लागते. शेवटी अर्धा मिलिलिटरच्या प्रमाणित डोसात प्रत्येक विषाणूचं १५ मायक्रोग्रॅम एच प्रथिन आहे का, हे मोजतात. या मोजणीला लागणारा रक्तद्रवही दर नव्या विषाणूसाठी नव्याने तयार करावा लागतो. तो वेळेत आला नाही तर तयार लसही पडून राहते.

चुकतं कुठे? निवड झाल्यावर विषाणू पुन्हा बदलला, तर हातात काही उरत नाही. २०१४-१५ च्या हिवाळ्यात अ प्रकारातल्या एच३एन२ या विषाणूने असंच केलं आणि अमेरिकेत लसीने मिळालेलं संरक्षण २० टक्क्यांच्या आसपासच राहिलं. लस आणि विषाणूचा मेळ बसलेल्या वर्षी ते ४० ते ६० टक्के असतं. दुसरी अडचण अंड्याचीच : तिथे रुळताना एच३एन२ चं प्रथिन जरा बदलतं आणि लस मूळ विषाणूपासून लांब जाते. पेशींत वाढवलेल्या लसीत हा दोष टळतो.

आता सोलापूर. आपण उत्तर गोलार्धात असलो तरी आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, आणि दुसरी जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास. फेब्रुवारीत ठरलेली लस हाती येईपर्यंत पावसाळी लाट सरत आलेली असते. सप्टेंबरात ठरलेली, म्हणजे दक्षिण गोलार्धाची लस मात्र उन्हाळ्यात ताजी मिळते. एप्रिल-मेमध्ये तीच मागा. लस लागू पडायला दोन आठवडे लागतात. आषाढीला पंढरपूरच्या गर्दीत जायचं असेल तर तेवढे दिवस धरून चाला. वेळ चुकली तरी जी चालू हंगामाची मिळेल ती घ्या, अजिबात न घेण्यापेक्षा ते बरं.

खोक्यावर ‘बी/ऑस्ट्रिया/१३५९४१७/२०२१’ असं काही दिसेल : प्रकार, नमुना सापडला ते ठिकाण, नोंदीचा क्रमांक, वर्ष. हे २०२१ बघून लस जुनी म्हणून परत करू नका, ते विषाणूच्या नमुन्याचं वर्ष आहे. बघायचा तो हंगाम आणि मुदत. चारऐवजी तीनच विषाणू असतील तरी हरकत नाही. ब प्रकारातला यामागाता नावाचा विषाणू मार्च २०२० नंतर खात्रीने सापडलेलाच नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने तो वगळायला सांगितलंय.

लस २ ते ८ अंशांतच राहिली पाहिजे. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना मेडिकलमधून आणून स्कूटरच्या डिकीत ठेवलेली लस भरवशाची राहत नाही. शक्यतो ती दवाखान्यातच ठेवलेली घ्या. आणायचीच असेल तर थर्मासची पेटी न्या. आइस पॅक फ्रीजरमधून काढून, हलवल्यावर आत पाणी खळखळेपर्यंत बाहेर ठेवा, आणि लस व पॅक यांच्यामध्ये टॉवेलची घडी घाला. बर्फाला टेकून गोठलेली लस वितळली तरी वापरायची नाही.

सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देत नाहीत, म्हणून गरोदर आईने आणि घरातल्यांनी घ्यावी. सहा महिने ते आठ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदाच देत असाल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, तेव्हा मुलांचं एप्रिलच्या सुरुवातीलाच उरका. साठीपुढचे, मधुमेही, दमेकरी आणि हृदयविकाराचे रुग्ण यांनी दरवर्षी घ्यावी. आधीच्या फ्लूच्या लसीने अंगावर तीव्र ॲलर्जी उठली असेल तर टोचण्याआधी डॉक्टरांना सांगा. अंगात ताप असेल तर तो उतरू द्या.