एका स्क्रूपायी अडलेली दुरुस्ती: भलतेच हत्यार लागते तेव्हा काय करावे

नळ ठिबकतोय म्हणून कॉक बंद करावा, हँडलवरची टोपी काढावी आणि आत असा स्क्रू निघावा की घरातला एकही स्क्रू ड्रायव्हर त्यात बसू नये. दहा मिनिटांचे काम तिथेच अडते. साध्या खाचेचा स्क्रू चालला असता तिथे कंपनीने वेगळा बसवायचा आणि तो उघडायचे हत्यार ग्राहकाने गावभर शोधायचे, हे मला मुळीच पटत नाही. पण अडलेले काम बहुतेक वेळा सुटते. क्रम तेवढा पाळा.

आधी पक्कड बाजूला ठेवा. सगळ्यात जास्त नुकसान तीच करते. स्क्रूची खाच एकदा गेली की योग्य हत्यार मिळूनही उपयोग नाही.

स्क्रू साफ करून ओळखा. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यावर असलेल्या सोसायट्यांमध्ये नळाच्या खाचेत पांढरा क्षार घट्ट बसतो. थोडे व्हिनेगर सोडून थांबा, टाचणीने खरवडा, जुन्या टूथब्रशने घासा. मग मोबाइलचा टॉर्च लावून फोटो काढा आणि मोठा करून पाहा. षटकोनी खळगा असेल तर एलन की, म्हणजे षटकोनी सळईची वाकवलेली चावी लागते. सहा पाकळ्यांची चांदणी असेल तर टॉर्क्स. चांदणीच्या मधोमध बारीक खुंटी दिसली तर साधे टॉर्क्स आत जाणार नाही, टोकाला भोक असलेले बिट (स्क्रू ड्रायव्हरला लावायचे सुटे टोक) मागावे लागते.

माप घ्या. एलन कीचा नेहमीचा नऊ नगांचा संच १.५ ते १० मिमीचा असतो. नळाच्या हँडलला सहसा त्यातल्या बारीक चाव्याच लागतात. २ मिमीची चावी आत सैल फिरते आणि २.५ची शिरतच नाही, असे झाले तर तो स्क्रू इंची मापाचा असू शकतो. ३/३२ इंच म्हणजे साधारण २.३८ मिमी, म्हणून दोन्ही चाव्या फसतात. अशा वेळी सैल चावीवर जोर देऊ नका, आतले कोपरे घासून खळगा गोल होतो.

आटे सुलटे की उलटे, ते पाहा. टेबल फॅनच्या पात्यापुढची टोपी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवली की सुटते. मिक्सरच्या कपलरलाही (भांडे ज्यावर बसते त्या दातेरी चकतीलाही) बऱ्याचदा उलटे आटे असतात. हत्यार चुकीचे आहे असे वाटते, तेव्हा कधी कधी दिशाच चुकलेली असते. गंजलेल्या नटावर गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा.

वस्तू सोबत घेऊन बाजारात जा. पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत जाऊन नुसते वर्णन करण्यापेक्षा निघालेला स्पिंडल, म्हणजे हँडल ज्यावर बसते तो नळातला दांडा, काउंटरवर ठेवा. दोन स्पिंडल दिसायला सारखे असले तरी टोकावरचे दाते कमीजास्त असतात आणि मग जुने हँडल त्यावर बसत नाही. तेही बरोबर न्या आणि दुकानातच बसवून बघा. स्क्रू निघतच नसेल तर फोटो आणि नळाचे मॉडेल दाखवा. विजेच्या सामानासाठी तपकीर गल्ली. जुने, दणकट पाने हवे असतील तर बुधवारी किंवा रविवारी मंगळवार पेठेतला जुना बाजार.

सगळेच विकत घेऊ नका. एलन की आणि बिटांचा संच घरात असावा, तो वर्षानुवर्षे उपयोगी पडतो. बेसिनच्या मागे, हात पोहोचत नाही तिथला नट काढायचा लांब दांड्याचा पाना मात्र क्वचितच लागतो. सोसायटीच्या ग्रुपवर विचारा, कुणाकडे तरी निघतोच. छताच्या पंख्याचे बेअरिंग काढायला पुलर, म्हणजे ते ओढून काढणारे हत्यार लागते. त्यासाठी पंखा उतरवून सरळ वाइंडिंगच्या दुकानात द्या. हातोडीने ठोकून बेअरिंग काढायला गेलात तर शाफ्ट वाकतो आणि खर्च वाढतो.

गॅसची जोडणी आणि गीझरच्या आतले काम यांत जुगाड नको. तिथे माहीतगार माणूसच बोलवा.

आणि नवा नळ बसवला की खोके लगेच टाकू नका. तोंडाच्या आत लपलेली जाळी काढायची लहान प्लास्टिकची चावी काही नळांबरोबर येते आणि प्लंबर गेल्यावर तीही कचऱ्यात जाते. ती पिशवीत घालून वर नळाचे मॉडेल लिहा आणि त्याच बेसिनखाली टांगून ठेवा.