फॉरमॅट मारण्याआधी: लिनक्सवर ग्राफिक्स कार्ड नेमकं कुठे अडलंय ते कसं शोधावं

लिनक्सच्या पीसीचा डिस्प्ले गेला की ठाण्यात काय आणि वाशीत काय, दुकानात ठरलेलं उत्तर मिळतं: ‘फॉरमॅट मारून देतो.’ बहुतेक वेळा त्याची गरज नसते. कार्ड आणि त्याचा वीजपुरवठा, कर्नेलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) ड्रायव्हर, कार्डचं फर्मवेअर (कार्डच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम), आणि वर मेसा (चित्र काढणारी लायब्ररी) व डेस्कटॉप, यांपैकी एकाच ठिकाणी घोळ असतो आणि तो खुणा सोडून जातो. (पुढच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या रोमन लहान अक्षरांत टाइप करायच्या.)

आधी एवढंच बघा: स्क्रीन कधी काळी पडते? चालू करताच बायोसचा लोगोही दिसत नसेल, तर लिनक्सचा संबंधच नाही, कॅबिनेट उघडा. लोगो आणि ग्रबचा (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू दिसतो, नंतर अंधार होतो, तर संशय ड्रायव्हरवर. लॉगिन दिसतं पण पासवर्ड टाकल्यावर पुन्हा तिथेच येतं, किंवा सगळं रखडत चालतं, तर मेसा किंवा डेस्कटॉप सेशन बघायचं.

कॅबिनेटच्या आत

केबल मदरबोर्डच्या पोर्टला नाही, कार्डच्याच पोर्टला लावली आहे ना? हसू नका, हे रोज घडतं. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ आहे त्यांत अंगचं ग्राफिक्स नसतं, त्यामुळे मदरबोर्डचं एचडीएमआय तिथे मुकंच राहतं.

मग वीज. स्लॉटमधून कार्डला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, सहा पिनांच्या जोडणीतून आणखी ७५, आठ पिनांच्या जोडणीतून १५०. जोडणी अर्धवट बसली असेल, किंवा स्वस्त एसएमपीएसला (वीजपुरवठ्याच्या डब्याला) मोलेक्सवरून, म्हणजे जुन्या चार पिनांच्या जोडणीवरून, आठ पिनांचा कन्व्हर्टर जोडला असेल, तर डेस्कटॉप नीट चालतो आणि गेम सुरू करताच मशीन बंद पडतं. असा कन्व्हर्टर काढून टाका. एसएमपीएसला स्वतःची आठ पिनांची वायर नसेल तर तो एसएमपीएस त्या कार्डसाठी नाहीच.

ऐरोली, वाशी, कोपरी, कळवा ही सगळी खाडीकाठची वस्ती. पावसाळ्यात दमट हवेने कार्डच्या सोनेरी पट्ट्यांवर पातळ थर धरतो आणि स्लॉटमधला संपर्क कच्चा होतो. दुकानात खोडरबर घासतात. तेवढ्यापुरतं काम होतं, पण सोन्याचा मुलामा झिजतो आणि रबराचे कण स्लॉटमध्ये पडतात. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड बरं. एसएमपीएसचं बटण बंद करून वायर काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवा, स्लॉटची खिट्टी सोडवून मगच कार्ड उचला. खिट्टी न सोडवता ओढलं तर स्लॉट तुटतो आणि खर्च मदरबोर्डवर जातो.

ग्रबनंतर अंधार

मशीन चालू करताना एस्केप (जुन्या बायोसवर शिफ्ट) दाबा, ग्रबचा मेनू येईल. पहिल्या नोंदीवर ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून ‘नोमोडसेट’ लिहा आणि कंट्रोल-एक्स दाबा. डेस्कटॉप आला, तर डिस्प्लेपुरतं कार्ड आणि केबल ठीक आहेत, दोष ड्रायव्हरचा. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो आणि तसाच असू द्या. नोमोडसेट कायम ठेवून ‘चाललंय ना’ म्हणणाऱ्यांचं सगळं चित्र प्रोसेसर काढत असतो. ‘जीएलएक्सइन्फो -बी’ (हा ‘बी’ मात्र मोठ्या अक्षरात) दिल्यावर रेंडररच्या ओळीत ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसलं की हेच समजायचं.

आता ‘एलएसपीसीआय -एनएनके’ द्या आणि ‘व्हीजीए’ची नोंद शोधा, लॅपटॉपमध्ये दुसरं कार्ड ‘थ्रीडी कंट्रोलर’ नावाने दिसतं. नोंदीखाली ‘कर्नेल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ हवी. इंटेलला ‘आय९१५’ किंवा नव्या चिपना ‘एक्सई’, एएमडीला ‘एएमडीजीपीयू’ किंवा जुन्यांना ‘रेडिऑन’, एनव्हिडियाला ‘एनव्हिडिया’ किंवा ‘नूवो’ (स्पेलिंग एन-ओ-यू-व्ही-ई-ए-यू; लिनक्ससोबत येणारा मुक्त-स्रोत ड्रायव्हर). नॉर्मल बूट केल्यावरही ती ओळच नसेल, तर ड्रायव्हर लोड झालेला नाही.

डोकेदुखी बहुतेक एनव्हिडियाची असते, कारण ‘सगळ्यात नवा ड्रायव्हर टाका’ हा सल्ला तिथे चुकतो. कार्ड कोणत्या पिढीचं आहे त्यावर ड्रायव्हरची मालिका ठरते. जीफोर्स ४०० आणि ५०० म्हणजे फर्मी पिढी: तिची ३९० मालिका २०२२ अखेर संपली, तिथे नूवोवरच समाधान मानावं. ६०० आणि ७०० मधली बहुतेक कार्डं केप्लर पिढीची, त्यांना ४७०, आणि तिचाही आधार २०२४ मध्ये थांबला. ९०० आणि १०००ला ५८० ही शेवटची मालिका. जीटीएक्स १६०० आणि आरटीएक्स २०००पासून पुढे एनव्हिडियाचे मुक्त-स्रोत कर्नेल मॉड्यूल चालतात; आरटीएक्स ५०००ला तर फक्त तेच चालतात. जीटी ७३० घेताना सांभाळा: एकाच नावाखाली फर्मी आणि केप्लर अशा दोन्ही चिपा विकल्या गेल्या. एलएसपीसीआयमध्ये ‘जीएफ१०८’ दिसलं तर फर्मी, ‘जीके२०८’ दिसलं तर केप्लर.

उबुंटूवर ‘उबुंटू-ड्रायव्हर्स डिव्हाइसेस’ दिलं की योग्य मालिकेपुढे ‘रेकमेंडेड’ लिहून येतं. मग ‘सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल’. फेडोरावर आरपीएम फ्यूजन या पॅकेज-भांडारातून ‘एकेमॉड-एनव्हिडिया’ घ्या आणि लगेच रीस्टार्ट करू नका: पॅकेज बसल्यावरही मागे मॉड्यूल बांधणं चालू असतं, पाचेक मिनिटं द्या. एनव्हिडियाच्या साइटवरची ‘रन’ फाइल टाळा. पॅकेज मॅनेजरला तिचा पत्ता नसतो, आणि पुढच्या कर्नेल अपडेटला सगळं कोलमडलं की निस्तरणं अवघड जातं.

ड्रायव्हर टाकूनही लोड होत नसेल तर ‘सुडो मॉडप्रोब एनव्हिडिया’ देऊन उत्तर वाचा. ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ आलं तर सिक्युअर बूट (सही नसलेलं मॉड्यूल लोड होऊ न देणारी सोय) आडवं आलंय. ड्रायव्हर टाकताना उबुंटूने पासवर्ड मागितला असेल, तो पुढच्या रीस्टार्टला निळ्या पडद्यावर द्यायचा असतो: ‘एन्रोल एमओके’ (सहीची चावी नोंदवा) निवडा, ‘कंटिन्यू बूट’ नव्हे. तो पडदा दहा सेकंदच कळ दाबायची वाट बघतो. चुकला तर ‘सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी --एन्रोल-की’ देऊन पुन्हा पहिल्यापासून.

कालपर्यंत चालत होतं आणि अपडेटनंतर बंद पडलं, असं असेल तर ग्रबच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नेल निवडा. त्यावर चाललं तर ‘डीकेएमएस स्टेटस’ बघा (डीकेएमएस प्रत्येक नव्या कर्नेलसाठी ड्रायव्हरचं मॉड्यूल पुन्हा बांधतं): नव्या कर्नेलपुढे ‘इन्स्टॉल्ड’ नसेल तर त्याच्या हेडर्सचं पॅकेज बसलेलं नाही किंवा बूट पार्टिशन भरलंय. हेडर्स टाकून ‘सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल’.

एएमडीचं बहुतेक फर्मवेअरवर येऊन थांबतं. ‘सुडो डीमेसेज’मध्ये (स्पेलिंग डी-एम-ई-एस-जी) ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड… फेल्ड विथ एरर -२’ म्हणजे फाइल सापडली नाही. डेबियनवर ‘फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स’ टाका; २०२३ च्या डेबियन १२ पासून ते ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ या वेगळ्या विभागात असतं, सोर्सेसच्या यादीत तो विभाग नसेल तर पॅकेज सापडणारच नाही. सी-डॅकचं बॉस लिनक्स डेबियनवरच उभं आहे, तिथेही शोध इथूनच सुरू करा. कार्ड अगदी नवं असेल तर कर्नेल आणि मेसाही नवे लागतात. इंटेलच्या लॅपटॉपची स्क्रीन मध्येच लुकलुकत असेल तर ग्रबमध्ये ‘आय९१५.एनेबल_पीएसआर=०’ घालून बघा. फरक पडला तर ते ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’मध्ये लिहून ‘सुडो अपडेट-ग्रब’ द्या.

गेम किंवा रेंडर चालू असताना गोठलं तर

रिसेट दाबण्याआधी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून बघा. काळा टर्मिनल आला तर फक्त डेस्कटॉप अडकलाय. नाही आला तर रीस्टार्ट करून ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’ द्या. आधीच्या बूटच्या कर्नेल नोंदी त्यात असतात. एनव्हिडियाच्या चुका ‘एक्सआयडी’ या शब्दाने आणि क्रमांकाने येतात. ७९ म्हणजे कार्ड मदरबोर्डच्या पीसीआय बसवरून गायब झालं: वीज, उष्णता किंवा स्लॉटमधला संपर्क, क्वचितच ड्रायव्हर. १३ आणि ३१ बऱ्याचदा त्या गेमच्या किंवा प्रोग्रामच्या चुकीने येतात, पण वेगवेगळ्या प्रोग्राममध्ये येत राहिले तर कार्डकडे बघा. एएमडीला ‘रिंग… टाइमआउट’ आणि इंटेलला ‘जीपीयू हँग’ शोधा.

मे महिन्यात घोडबंदर रोडच्या बंद खोलीत दुपारी गोठतं आणि रात्री चालतं, तर उत्तर तापमानात आहे. ‘एनव्हीटॉप’ किंवा ‘सेन्सर्स’ चालू ठेवून बघा. एएमडीत ‘एज’पेक्षा (चिपच्या कडेपेक्षा) ‘जंक्शन’चा (चिपमधल्या सगळ्यात तापलेल्या जागेचा) आकडा मोठा असतोच, त्याला घाबरू नका, पण दोन्हींत ३० अंशांहून जास्त फरक पडू लागला तर पेस्ट वाळली आहे किंवा हीटसिंक नीट टेकलेला नाही.

जुनं कार्ड घेताना

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जायचं असेल तर उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह खिशात ठेवा. जुन्या फर्मी कार्डचं बायोस बदलून ते ‘जीटीएक्स १०५० टीआय’ म्हणून विकण्याचा उद्योग जुना आहे. दुकानातच लाइव्ह बूट करा आणि ‘सुडो डीमेसेज’मध्ये ‘नूवो’ शोधा. नूवो चिपचं नाव तिच्याच रजिस्टरमधून वाचतं, बनावट बायोसचं ऐकत नाही. खऱ्या १०५० टीआयला ‘जीपी१०७’ येतं. ‘जीएफ’ने सुरू होणारं काही आलं तर पैसे काढू नका.

शेवटी ‘सुडो एलएसपीसीआय -व्हीव्ही’मध्ये त्या कार्डची ‘एलएनकेएसटीए’ (सध्याच्या जोडणीची) ओळ बघा. वेग ‘२.५ जीटी’ दिसला तर कार्ड निवांत आहे म्हणून, त्यात काही वावगं नाही. रुंदी, म्हणजे लेनची संख्या, मात्र ‘एलएनकेकॅप’ ओळीत लिहिल्याइतकी हवी. जीटी ७१०ला आठ आणि आरएक्स ६५०० एक्सटीला चारच लेन असतात, तिथे सोळांची अपेक्षा नको. सोळांच्या कार्डला चार दिसल्या तर काढून पुन्हा बसवायला सांगा किंवा दुसरा स्लॉट मागा. तरीही चारच आल्या तर दुसरं कार्ड बघा.