ऊसतोड टोळीत समुपदेशन करताय? या चुका टाळा

दिवाळीच्या आसपास बीड, अहिल्यानगरकडच्या टोळ्या कारखान्यांवर जातात आणि हंगामभर कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) राहतात. त्यांच्यात काम करणारे कार्यकर्ते हल्ली समुपदेशनाला श्वसनाच्या व्यायामाची जोड देतात. जोड योग्यच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली आणलेली 'प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस' ही पाच बैठकांची पद्धतही आधी संथ श्वास शिकवते, मग अडचणी सोडवण्याकडे वळते. घोटाळा होतो तो प्रत्यक्ष फडावर, म्हणजे तोड चालू असलेल्या उसाच्या शेतात.

"डोळे मिटा, शांत बसा" ही सुरुवातच अनेकदा फसते. मारहाण किंवा छळ सोसलेल्या बाईला डोळे मिटताच तेच दिसू लागतं, आणि पुढच्या वेळी ती येत नाही. डोळे उघडेच राहू द्या. पाय जमिनीला टेकवून समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्यायला सांगा, मग श्वास हळू सोडायला. जोरजोरात श्वास घ्यायला लावलंत तर चक्कर येते, हातापायाला मुंग्या येतात आणि तिला वाटतं दुखणं वाढलं. घाबरी झाली तर व्यायाम सोडा, साधं बोला.

दिवसभर वाकून ऊस तोडलेल्या, मोळ्या वाहिलेल्या माणसाला सूर्यनमस्कार सांगणारेही भेटतात! त्याला टेकून बसू द्या, खांदे सैल सोडायला सांगा, तेवढं पुरे. चक्कर, थकवा, डोकेदुखी यांना लगेच 'टेन्शन' म्हणू नका. आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या.

बाई काहीच बोलत नसेल तर आजूबाजूला बघा. टोळी आणणारा मुकादम घुटमळत असेल, शेजारच्या कोपीत सासू असेल. उचल (कामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) फिटत नाही हे मुकादमाच्या देखत कोण सांगेल? जागा बदला. आणि उचलीची काळजी नुसत्या श्वासावर सोडू नका. किती घेतली, किती कापली, हा हिशेब सोबत बसून लिहा. जीव गावाकडच्या पोरांत अडकला असेल तर शाळेच्या हंगामी वसतिगृहाची चौकशी करा. बैठकीचा अर्धा वेळ यात गेला तरी चालेल.

फड बदलला की टोळी हलते, म्हणून पहिल्याच भेटीत एकटीला करता येईल असं काही शिकवा आणि फोन नंबर घ्या.

जीव द्यावासा वाटतो असं कुणी म्हणालं, तर श्वसन बाजूला ठेवा. स्पष्ट विचारा, एकटं सोडू नका, कीटकनाशक हाताशी राहू देऊ नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा. तो मोफत आहे, रात्रीही लागतो. धोका लगेचचा वाटला तर १०८ ची गाडी बोलवा.