आधी सर्वनाम ऐका: कुठली स्पॅनिश ते कळेल

"बोस दे दोंदे सोस?" दुभाषी म्हणून घेतलेल्या माझ्या पहिल्याच फोनवर ब्युनोस आयरिसच्या एका बाईंनी विचारलं. प्रश्न साधा होता, 'तू कुठली?' पण माझ्या पुस्तकात 'तू एरेस' होतं. 'बोस' नव्हतं, 'सोस'ही नव्हतं. आता मी शिकवते, आणि पहिल्याच तासाला सांगते: बोली ओळखायची तर नामांच्या याद्या पाठ करू नका. समोरचा तुम्हाला काय म्हणून संबोधतो, तिकडे कान द्या.

माद्रिद, मेक्सिको सिटी, लिमा इथे जवळच्या माणसाला 'तू'च म्हणतात, अगदी आपल्यासारखं. अर्जेंटिना, उरुग्वे, पॅराग्वे आणि मध्य अमेरिकेच्या बऱ्याच भागात त्या जागी 'बोस' येतं. त्याची रूपं मला तर 'तू'पेक्षा सोपी वाटतात. मूळ क्रियापदाचा शेवटचा 'र' काढा, 'स' लावा, जोर शेवटी द्या: आब्लार-आब्लास, तेनेर-तेनेस, पोदेर-पोदेस. 'तू'बरोबर याच धातूंचं तिएनेस, पुएदेस होतं. ती मोडतोड इथे नाही. आज्ञार्थात 'स'सुद्धा नको: आब्ला (बोल), बेनी (ये). दोनच अपवाद आधी पाठ करा: 'आहेस'साठी सोस, आणि 'जा'साठी आंदा.

चिलीत गंमत वेगळी. सर्वनाम बहुधा 'तू'च, पण क्रियापद 'तेनीस', आणि बोलताना शेवटचा 'स' हवेत विरतो. 'काचाय?' म्हणजे 'कळतंय ना?' हे ऐकलंत की समोरचा चिलीचा, असं मी बिनदिक्कत धरते.

'उस्तेद' म्हणजे आदरार्थी 'तुम्ही', असं पुस्तकं शिकवतात. कोलंबियातल्या बोगोतात मात्र भावंडं, नवराबायकोही एकमेकांना उस्तेद म्हणताना ऐकू येतात. तिथली मैत्रीण उस्तेद म्हणाली, तर ती दुरावली असं मनाला लावून घेऊ नका. त्याच कोलंबियातल्या मेदेयीनमध्ये पुन्हा बोस.

अनेकांशी बोलताना स्पेनच्या बहुतेक भागात 'बोसोत्रोस', लॅटिन अमेरिकेत सगळीकडे 'उस्तेदेस'. तुमचा संबंध लॅटिन अमेरिकेशीच येणार असेल, तर बोसोत्रोसची रूपं ओळखण्यापुरती शिका. ती घोकण्यातला वेळ ऐकण्याला द्या.

दुसरी खूण भूतकाळाची. आज जेवण झालं हे माद्रिदचा माणूस 'ओय ए कोमिदो' असं सांगेल, मेक्सिकोचा 'ओय कोमी'. दोन्ही शुद्ध. माद्रिदमध्ये 'ग्रासियास'चं (धन्यवाद) 'ग्राथियास' होतं, तेही कान लगेच पकडतो.

शब्द यानंतर. त्यातले घोटाळ्याचे तेवढे आधी घ्या. 'ग्वाग्वा' म्हणजे हवाना आणि कॅनरी बेटांवर बस, तर सांतियागो दे चिलीत तान्हं बाळ. 'बोंबिया' स्पेनमध्ये विजेचा दिवा, चिलीत पेय प्यायची नळी. आणि 'कोखेर': स्पेनमध्ये 'घेणे, पकडणे' म्हणून दिवसभर वापरतात, मेक्सिको आणि अर्जेंटिनात तो लैंगिक अर्थाचा अश्लील शब्द आहे. तिथे 'तोमार' किंवा 'आगारार' म्हणा. ही सवय पहिल्या दिवसापासून लावा, कारण जिभेवर एकदा बसलेला शब्द ऐन वेळी आवरत नाही.

सरावासाठी आठवड्याला एकच शहर घ्या. तिथल्या रेडिओवरच्या गप्पा रोज 10 मिनिटं ऐका. वहीत तीनच गोष्टी टिपा: संबोधन, भूतकाळाचं एक वाक्य, एक नवा शब्द. मग तेच वाक्य त्याच चालीत मोठ्यानं म्हणा. स्वतः बोलताना मात्र एकाच प्रदेशाची रूपं धरून ठेवा. एका वाक्यात 'बोस' आणि पुढच्यात 'बोसोत्रोस' आलं, की ऐकणारा अडखळतो.

कुठे वस्तूचं नावच आठवलं नाही, तर बोट दाखवून विचारा, "कोमो ले दिसेन आकी आ एस्तो?" याला इथे काय म्हणतात? ब्युनोस आयरिसमध्ये असाल तर 'आकी'च्या जागी 'आका' म्हणा.