उपास धरण्याआधी सोडण्याची तयारी

कॅलेंडर आधी उघडा, पण उपासाच्या दिवसांवर खुणा करायला नव्हे. उपास कधी सुटणार आणि त्यापुढचे दोन दिवस घरात काय आहे, ते बघा. बारसं, डोहाळजेवण, पाहुणे, ऑफिसची पार्टी यातलं काही त्यात येत असेल तर तारीख पुढे ढकला. गेल्या वेळी मी हे पाहिलं नाही. लिंबूपाण्यावरचा उपास छान निभावला आणि सोडला तो वास्तुशांतीच्या पंगतीत, जिलबी-मठ्ठ्यावर. पुढचं सांगण्यासारखं नाही.

ही यादी घरी करायच्या दोन-तीन दिवसांच्या उपासाची आहे: पाणी, लिंबू, थोडा मध. त्याहून लांबवायचा असेल तर निसर्गोपचार केंद्रात जा, जिथे डॉक्टर रोज बघतात. गांधीजींनी १९४६ साली सुरू केलेला उरुळीकांचनचा आश्रम पुण्यापासून लांब नाही. स्कॉटलंडचा अँगस बार्बिएरी १९६५-६६ मध्ये ३८२ दिवस जेवला नव्हता, हे मला सांगू नका. तो दोनशे किलोंच्या वरचा होता, डंडीच्या डॉक्टरांच्या नजरेखाली होता, आणि त्याला जीवनसत्त्वं, पोटॅशियम दिलं जात होतं.

डॉक्टरांना विचारा. हो, तुम्हीसुद्धा. इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी साखर धोकादायक खाली जाते. डापाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या गोळीवर तर साखर फारशी वाढलेली न दिसताच रक्तात कीटोन आम्ल साचू शकतं. बीपीचं वेगळंच. उपासात इन्शुलिन उतरलं की मूत्रपिंडं मीठ बाहेर टाकतात, दाब आपोआप उतरतो, वर रोजची गोळी घेतली की उठताना भोवळ. म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंदही करायची नाही आणि चालूही ठेवायची नाही, विचारायचं. गाऊट, म्हणजे यूरिक ॲसिड साचून सांधे सुजण्याचा आजार, असेल तर उपासात ते ॲसिड वाढतं. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, मुलं, किडनीचे रुग्ण, आधीच हडकलेले, खाण्याशी ज्यांचं भांडण आहे असे: नको म्हणजे नको.

चहा आठवडाभर आधीपासून कमी करत आणा. पहिल्या-दुसऱ्या दिवशी डोकं फुटायची वेळ येते तेव्हा ‘विषं बाहेर पडताहेत’ म्हणणारे भेटतील. बहुतेकदा तो सुटलेला चहा असतो. तसंच ऑटोफॅजीचं, म्हणजे पेशी आपलेच जुने भाग मोडून पुन्हा वापरतात त्याचं. त्यावरच्या कामासाठी जपानी शास्त्रज्ञ ओसुमींना २०१६ साली नोबेल मिळालं ते खरं, पण त्यांचं मूळ काम यीस्टच्या पेशींवरचं. त्यावरून ‘अमुक तासांनी शरीर साफ’ असं वेळापत्रक निघत नाही.

खरेदी. लिंबं, मध, मीठ, झालं. आता सोडण्याची खरेदी, आणि ही उपास सुरू व्हायच्या आधी करायची, शेवटच्या दिवशी नव्हे: मोसंबी, मुगाची डाळ, जुना तांदूळ, दुधी, ताकासाठी विरजण. उपाशी माणसाला मंडईत पाठवलं तर तो वडापाव खाऊन घरी येतो. घरात स्वयंपाक जो करतो त्याला आधी सांगून ठेवा, की त्या दिवशी मला मुगाचं कढण लागणार आहे आणि मी पुरणपोळी मागितली तरी द्यायची नाही. फ्रिजवर कागद चिकटवा. आई ‘किती वाळलास रे’ म्हणत ताट वाढेल, तिला कागद दाखवा.

सोडण्याबद्दल एवढी कटकट का? रिकाम्या पोटावर तळण आणि गोड कोसळलं की पोटाचे हाल होतात, हे एक. दुसरं, पाच दिवसांहून जास्त उपाशी राहिलेल्याने एकदम भरपूर खाल्लं तर इन्शुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं आणि हृदय बिघडू शकतं. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी कैद्यांत हे दिसलं होतं. तीन दिवसांत धट्ट्याकट्ट्या माणसाचं एवढं होत नाही, पण सवय आत्ताच लावा. गांधीजींनी १९४३ मध्ये आगाखान पॅलेसमधला २१ दिवसांचा उपास सोडला तो पाणी घातलेल्या संत्र्याच्या रसावर, तोही सावकाश. तो उपास औषधाचा नव्हता, तरी सोडायची रीत तीच. वैद्यही पंचकर्मानंतर पेया (पातळ पेज), विलेपी (घट्ट पेज), मग यूष (कढण) असेच चढवत नेतात.

आदल्या रात्री हलकं जेवा. ‘उद्यापासून उपास’ म्हणून मटण हाणू नका. साबुदाणा या उपासात बसत नाही.

उपासाचे दिवस: पाणी पीत राहा, चिमूटभर मीठ घाला. दुचाकी नको, जिम नको, कढत पाण्याने आंघोळ नको. चिडचिड होईल, थंडी वाजेल. उलट्या, छातीत धडधड, गोंधळल्यासारखं वाटणं, यातलं काही झालं की उपास तिथेच थांबवा आणि डॉक्टर गाठा. एनिमा घरी नको.

सोडताना: सकाळी पाणी घातलेला मोसंबीचा रस, दुपारी मुगाचं कढण, रात्री पातळ पेज. दुसऱ्या दिवशी मऊ भात, दुधी, ताक. तिसऱ्या दिवशी पोळी. जिलबी आठवडाभराने. वजन थोडं परत चढेल, त्यात बरंचसं पाणी असतं.