जाई, जुई, मोगरा की कुंद? फुलाआधी पान बघा

मोगरा म्हणून आणलेलं रोप उन्हाळाभर गप्प राहतं, ऐन थंडीत फुलतं आणि जेमतेम वास देतं, तेव्हा कळतं की घरी आलाय तो कुंद. रोपाला फूल नसलं तरी ही चूक टाळता येते. त्यासाठी पान नीट बघावं लागतं.

शेंड्याची कोवळी पानं फसवतात. चार-पाच पेरं खालचं पान घ्या. एक पान कुठून सुरू होतं ते आधी ठरवा: ज्या देठाच्या बगलेत डोळा (नवा फुटवा येण्याची जागा), ते एक पान. पर्णिका म्हणजे एकाच पानाचे पानासारखे दिसणारे छोटे भाग; पर्णिकेच्या बगलेत डोळा नसतो.

एका पानात सात-नऊ पर्णिका, टोकाची सगळ्यांत मोठी नि अणकुचीदार, तर जाई. तिच्या कळीवर बाहेरून गुलाबी झाक असते. हिंदीतली चमेली म्हणजे आपली हीच जाई, त्यामुळे नर्सरीतल्या पाटीवर दोन्ही नावं दिसतात.

जुईचं पान तीन पर्णिकांचं. मधली मोठी, बाजूच्या दोन इवल्याशा, कानाच्या पाळीएवढ्या. शास्त्रीय नावातल्या 'ऑरिक्युलेटम'मध्ये हाच कान आहे. मात्र कित्येक पानांत हे कान नसतातच आणि पान एकेरी वाटतं. म्हणून आठ-दहा पेरं तपासल्याशिवाय निकाल देऊ नका.

खरी गल्लत मोगरा आणि कुंदाची, कारण दोघांचं पान एकेरी. पान किती मोठं यावर जाऊ नका, सावलीत ते वाढतं. कोवळ्या फांदीवरून अंगठा फिरवा: कुंदाची फांदी नि देठ मखमली लागतात. मोगऱ्याचं पान तुकतुकीत, आणि काही जातींत एका पेरावर तीन-तीन. कळ्या आल्या असतील तर काम सोपं. कुंदाच्या कळ्या फांदीच्या टोकाला दाटीने येतात, कळीच्या बुडाशी असलेल्या हिरव्या दातऱ्यांवर लांब लव असते आणि उमललेल्या पाकळ्या चांदणीसारख्या निमुळत्या. मोगऱ्याच्या कळ्या बहुधा तीन-तीन, टपोऱ्या.

वास घ्यायचा तर संध्याकाळी, कळ्या उमलताना. भर दुपारी मोगराही फिका वाटतो.

कामिनी हे पांढऱ्या सुवासिक फुलांचं वेगळंच झुडूप; गल्लत नको. तिची पानं फांदीवर आळीपाळीने येतात, या चौघांची समोरासमोर. कामिनीचं पान उजेडात धरलं की तेलाचे बारीक ठिपके दिसतात.

ओळख पटली की मगच कात्री उचला. मोगरा जानेवारी-फेब्रुवारीत छाटतात. त्याच सुमारास कुंद बहरात असतो. त्याची छाटणी बहर ओसरल्यावर करा, नाहीतर कळ्यांसकट फांद्या जातील.