घाटात टिकणारा पाण्याचा इंटरकूलर घरी कसा बनवावा

बाहेर ३५ अंश असताना टर्बोने ०.८ बार बूस्ट (हवेचा जादा दाब) दिला की दाबलेली हवा ११५ अंशांच्या आसपास जाते. ती इंजिनात जाण्याआधी थंड करतो तो इंटरकूलर. पाण्याच्या इंटरकूलरमध्ये हवेची उष्णता टाकी आणि रेडिएटरमधून फिरणारं पाणी घेतं. दीड लिटरपर्यंतच्या इंजिनात पूर्ण जोरावर ही उष्णता साधारण ५ किलोवॅट भरते. पाण्याच्या टाकीवर भिस्त ठेवणारे इथेच फसतात. ५ लिटर पाणी दहा सेकंदांच्या ओव्हरटेकमध्ये जेमतेम अडीच अंश तापतं, म्हणून बेळगाव शहरात फिरताना सगळं झकास वाटतं. गोव्याहून परतताना केरीपासून चोर्ला घाट चढायला लागलात की काही मिनिटांत टाकी तापते आणि पुढचं सगळं काम बंपरमागच्या रेडिएटरवर येतं. त्यामुळे पैसा आणि जागा आधी त्या रेडिएटरला द्या, कोअरला (हवेची उष्णता पाण्यात जाते तो गाभा) नंतर.

कोअर जाड पट्ट्यांचा, सपाट चौकोनी अ‍ॅल्युमिनियमचा घ्या, साधारण २०० × १५० × ६५ मिमी. हवेवर चालणारा जुना इंटरकूलर चालतो. दोन्ही बाजूंची हवेची तोंडं तशीच ठेवायची आणि जाळीच्या पुढच्या व मागच्या अंगावर ३ मिमी पत्र्याची झाकणं बसवायची, आत १५ ते २० मिमी पोकळी ठेवून. पाण्याच्या दोन्ही नळ्या पुढच्या झाकणावरच घ्या आणि त्यांच्या मधोमध उभी आडपट्टी जाळीला टेकेल अशी वेल्ड करा. ही पट्टी नसेल तर पाणी सोपी वाट धरून एका नळीतून दुसरीत निघून जातं आणि जाळी कोरडीच राहते. पट्टीमुळे ते अर्ध्या जाळीतून मागे जातं, मागच्या पोकळीत वळतं आणि उरलेल्या अर्ध्यातून परत येतं. थंड पाणी हवा बाहेर पडते त्या बाजूने, खालून आत घ्या. तापलेलं दुसऱ्या बाजूने, वरून बाहेर काढा, म्हणजे हवेचे बुडबुडे आत अडकत नाहीत.

वेल्डिंग टिगवर (टंगस्टन इलेक्ट्रोडचं वेल्डिंग), एसी करंट, शुद्ध आर्गॉन, ४०४३ फिलर (अ‍ॅल्युमिनियमची भरणाची तार). उद्यमबाग किंवा मच्छे भागात अ‍ॅल्युमिनियमवर रोज हात चालणारा वेल्डरच गाठा. जुन्या कोअरमधलं तेल आधी रॉकेलने, मग साबणाच्या गरम पाण्याने काढून पूर्ण सुकवा. तेल राहिलं तर सांध्यात भोकं पडतात. क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर मात्र वापरूच नका. त्याचा अंश राहिला तर आर्कखाली फॉस्जीन हा जीवघेणा वायू तयार होतो.

आता चाचणी, आणि ही कधीच टाळू नका. हवेची तोंडं बूच लावून आवळा. बूच उडू नये म्हणून पट्टीने बांधा. पाण्याच्या नळ्या उघड्या ठेवून कोअर हौदात बुडवा आणि २ बार हवा १५ मिनिटं धरा. नळ्यांतून बुडबुडे आले तर आतला सांधा फुटका आहे. गाडीत असा कोअर आधी फक्त टाकीत बुडबुडे दाखवतो, कारण बूस्टचा दाब पाण्यापेक्षा जास्त असतो. इंजिन बंद झालं की पाणी उलट पाझरून सिलिंडरकडे जातं आणि सकाळच्या पहिल्या स्टार्टला कनेक्टिंग रॉड वाकतो.

पाण्याचा फेरा असा: टाकी, पंप, कोअर, रेडिएटर, परत टाकी. इंजिनच्या कूलंटमधून फाटा काढू नका, ते ९० अंशांवर फिरतं. पंप १२ व्होल्टचा, सतत चालणारा, मिनिटाला निदान १५ लिटर देणारा हवा. कूलरचा किंवा वायपरचा पंप यात टिकत नाही. हे पंप स्वतः पाणी ओढत नाहीत, म्हणून टाकीच्या तळाखालीच बसवा. वीज रिले आणि पंपाला साजेशा फ्यूजमधून द्या, रिले इग्निशनवर. पाण्याला १९ मिमी होज. हवेला चार थरांचे सिलिकॉन होज आणि टी-बोल्ट क्लिप. पाइपच्या टोकाला उंचवटा काढून घ्या, नाहीतर बूस्टवर होज निसटतो.

पुढचा रेडिएटर एसी कंडेन्सरपुढे १० ते १५ मिमी अंतरावर लावा आणि कडा फोमने बुजवा, नाहीतर वारा बाजूने निघून जातो. जुना कंडेन्सर वापरण्याचा मोह होतो, पण त्याच्या बारीक नळ्यांत पंप गुदमरतो. बोअरचं पाणी घालू नका, क्षार बसतात. डिस्टिल्ड पाण्यात ३० टक्के कूलंट पुरे. आपल्याकडे गोठण्याची भीती नाही, कूलंट हवं ते अ‍ॅल्युमिनियमला गंज लागू नये म्हणून.

कोअरच्या आधी आणि नंतर एकेक तापमान सेन्सर लावून घाटात वाचा. लांब चढावर बाहेर पडणारी हवा वातावरणापेक्षा १५ ते २० अंशांनी जास्त असेल तर ठीक. त्याहून जास्त असेल तर आधी टाकीतलं पाणी बघा. पाणी तापलेलं असेल तर रेडिएटर अपुरा आहे. पाणी थंड असून हवा गरम असेल तर कोअरमध्ये हवा अडकली आहे किंवा आडपट्टीशेजारून पाणी निसटतंय.

गाडीतल्या फेरफारांबद्दलच्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे आणि विम्यामुळे, काम सुरू करण्याआधी आरटीओत व विमा कंपनीत विचारून घ्या. निपाणी-चिकोडीकडे गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे चालवत असाल तर दर आठवड्याला जाळीतलं पाचट काढा. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात लाल चिखल बसतो. तो मागून पुढे, हलक्या धारेने धुवा. प्रेशर वॉशरने पाती वाकतात.